तुरळक ठिकाणची गादी

...नाही पण, 'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमकं कुठे, हे सांगायला काय जातं हो त्यांचं? पेपरात चांगलं अर्धं पान भरून छापलेलं, 'यंदाच्या वसंतातलं हवामान', शेजारी रंगीत नकाशा, पूर्वेकडे हिरवा, म्हणजे सरी आणि गडगडाट, पश्चिमेकडे पिवळा, म्हणजे लख्ख ऊन, आणि मधल्या पट्ट्यात... 'तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस.' आणि आम्ही कुठे? मधल्या पट्ट्यात! बरं, त्या पट्ट्यावर एक ढग काढलेला, त्याला वीज लोंबतेय, आणि त्या ढगाखाली निदान चार गावं गडप! आता मी पडलो गादीवाला माणूस, तीस वर्षं गाद्या शिवतोय. मी आपलं दाभण घेतलं, नदी कुठून येते, रेल्वे कुठे वळते ते पाहिलं आणि बरोब्बर आमच्या गावावर टोचलं. भोक पडलं ते ढगाच्या बाहेर, चांगलं दोन सूत पिवळ्यात! म्हटलं, ऊन! आमची ही म्हणते, "अहो, दाभणानं कुठे हवामान कळतं का?" मला सांगा, यात माझं काय चुकलं?

आणि घाई नसती तर मीसुद्धा दोन दिवस थांबलो असतो की! पण आई त्याच दिवशी पाचला दवाखान्यातून घरी यायची होती. खुब्याचं ऑपरेशन, अकरा दिवस तिथल्या रबरी गादीवर काढलेले, आणि अकरा दिवसांत म्हातारीचा डोळ्याला डोळा नाही. मी जावं तेव्हा एकच, "अरे, गादीवाल्याची आई ना मी? मग मला माझी गादी दे की!" काळजात चर्र व्हायचं हो. तिची गादी म्हणजे नुसता दगड झालेला. सकाळी उसवली, कापूस पिंजला आणि ऊन द्यायला गच्चीवर चादरींवर पसरला. दहा किलो! पिंजलेला दहा किलो म्हणजे कळतंय ना? अर्धी गच्ची पांढरी!

अडीच वाजता वारा सुटला. ही जिन्यातून ओरडतेय, "अहो, अंधारून आलंय!" मी म्हणतोय, "नकाशात पिवळं आहे!" "नकाशा घाला चुलीत, कापूस आवरा!" आणि तेवढ्यात... कडाड्! तुम्हाला सांगतो, भिजलेला कापूस वाळायला चार दिवस लागतात, म्हणजे आई आणखी चार रात्री जागी! मी दोन हातांनी काय काय धरू? इकडचं धरलं की तिकडचं उडतंय! आणि बघतो तर खालच्या दुकानातला न्हावी धावत आला, त्याच्यामागून त्याचं गिऱ्हाईक, गळ्याला फडकं, अर्ध्या गालावर साबण, आणि त्या साबणाला कापूस चिकटून माणसाला एका बाजूनं पांढरी दाढी! ओळख ना पाळख, पण चादरीचं टोक धरून तो माझ्याबरोबर पळतोय! असल्या माणसाला काय म्हणावं? मी तर हातच जोडले.

पण न्यायचं कुठे? माझी खोली तळाला, आणि जिना एवढा अरुंद की तिथेच निम्मा कापूस भिंतींना जाणार. आणि गच्चीला लागून घर कुणाचं? हेडबाईंचं! शाळेच्या हेडमास्तरीण होत्या, आता घरी असतात, एकट्या. आमचं चार वर्षं बोलणं नाही. का? तर माझा कापूस उडून त्यांच्या घरात जातो! घर इतकं लखलखीत की पाहुणे चपला खालच्या मजल्यावर काढतात. आता मी काय कापसाला पत्ता लिहून देतो? मला सांगा, यात माझं काय चुकलं?

तर त्यांचं दार उघडलं. दोन्ही फळ्या! "उभे काय राहिलात? आत आणा! सोफ्यावर टाका! ढकलाढकली नको, ओळीनं!"

ओळीनं, बरं का! आम्ही तिघं बाप्ये ओळीनं आत गेलो आणि त्या सोफ्यावर, खुर्च्यांवर, टेबलावर दहा किलो कापूस ओतला, आणि बाहेर पाऊस असा कोसळला म्हणता! मी म्हटलं, "बाई, तुमचं घर..." तर म्हणाल्या, "परवा तुमच्या आईंना भेटून आले. झोप नाही म्हणत होत्या." बस, एवढंच. मला आलं भरून. म्हटलं, "डोळ्यात कापूस गेला." "हो का? मग नाकही पुसा."

तिथेच, त्यांच्या फरशीवर गादी भरली हो मी! बाईंनी स्वतः खोळीचं तोंड धरलं, मी भराभर कापूस कोंबला, तोंड शिवलं, पावणेपाचला शेवटचा टाका! पाचला आई आली, आडवी झाली, "हं" म्हणाली, आणि घोरायला लागली. ते घोरणं ऐकत मी दारात उभा राहिलो. त्या लोकांचे उपकार मी कसे फेडू?

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडबाई खाली. "गादीवाले, माझा टीव्हीचा रिमोट दिसत नाहीये. सोफ्यावर होता."

सोफ्यावर! तीस वर्षं गाद्या भरतोय, कापसात सुई राहिली तरी हाताला कळते, आणि अख्खा रिमोट शिवून टाकला! आईला विचारलं, तर म्हणते, "आहे ना, कमरेपाशी. बरा आधार आहे. उसवलीस तर याद राख!"

आता मी करू काय? रोज संध्याकाळी वर जातो, बाईंचा टीव्ही हातानं लावतो, आवाज वाढवतो, "एवढा नको!", कमी करतो, "आता ऐकू येत नाही!", जाहिरात लागली की चॅनल बदलतो, आणि पुढची जाहिरात येईपर्यंत तिथेच स्टुलावर. म्हणाल, नवा रिमोट आणून द्या. दिला ना! दुसऱ्याच दिवशी दिला! बाईंनी वेष्टणासकट कपाटात ठेवला. म्हणाल्या, "असू दे. तुम्ही येता ते बरंय."

...बसतो. काय करणार?