सगळ्यांना पाठवलेली माफी

कोकिळा : म्हणून मी निबंधात लिहिलंय, नाटकातला किल्लेदार लोभापायी पडत नाही. लोभ तर पहिल्याच अंकात संपतो. रात्री दरवाजा उघडून गनीम आत घेतला, जुना किल्लेदार मेला, हा किल्लेदार झाला. मग पुढचे चार अंक कशाला आहेत?

आयुषी : सर म्हणाले होते ना, पापाची टोचणी.

कोकिळा : टोचणी खरीच, खाई त्याला खवखवे. पण चौथ्या अंकात तो सगळ्या गडाला जेवण घालतो, सदरेवर उभा राहून म्हणतो, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. सगळे घालतात. एका घरी मात्र तो जात नाही, जुन्या किल्लेदाराच्या विधवेकडे. त्याची उतरण तिथून सुरू होते, असं मी म्हणते. पटतं का?

आयुषी : पटतं.

कोकिळा : एवढंच? धुळ्याच्या स्पर्धेत विधवेचं काम तू केलंस, बक्षीस आणलंस. दोन वाक्यं जास्त बोल की.

आयुषी : चांगलं लिहिलंयस. उद्या वर्गात वाचशील तेव्हा सर खूश होतील.

कोकिळा : तेच सांगायला आले. तू वाच. नाव माझं, तोंड तुझं. घसा बसलाय म्हणून सांगेन सरांना.

आयुषी : कुठे बसलाय?

कोकिळा : उगाच बोलायला लावू नकोस गं. विधवेचं काम आधी माझ्याकडे होतं. महिनाभर तालीम केली, आणि एक दिवस सरांनी काही न बोलता ते काढून तुला दिलं. का, ते कुणी सांगायला हवं का? धरणगावची अहिराणी जीभ माझी. भर नाटकात 'आहे'च्या जागी एखादा 'शे' तोंडातून निसटला असता, तर प्रेक्षक खिदळले असते. सरांनी माझी अब्रूच राखली म्हणायची.

आयुषी : असं म्हणाले ते?

कोकिळा : ते कशाला म्हणतील? मला बघून नजर चुकवायचे, त्यात काय ते आलं. तेव्हापासून सुधारतेय मी. होस्टेलवर अशीच बोलते, छापील. घरीसुद्धा. आता फोन केला की माय विचारते, कोन बोली ऱ्हायनं? आई विचारते, म्हणजे. म्हणते, बँकेची बाई बोलल्यासारखं वाटतं.

आयुषी : तू घरी पण असंच बोलतेस?

कोकिळा : सवय नको का व्हायला?

हीराबाई : कोण, कोकिळा आली का? बस बेटा, उठू नको. आज पारणं माझं, पर्युषणाची अठ्ठाई पूर्ण झाली, आठ दिवस नुसतं पाणी. मुगाचं पाणी पोटात गेलं तेव्हा जिवात जीव आला. आयुषी, तिला शिरा खाल्ल्याशिवाय सोडू नको.

कोकिळा : नाही जात, दादी. बरं झालं, तुम्हालाच विचारते. काल आयुषीचा मेसेज आला, मन-वचन-कायेनं कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा. खाली जोडलेले हात. त्याला उलट काय लिहायचं असतं?

हीराबाई : तो मेसेज ना? तो मला पण आला, शेजारच्या खोलीतून. गॅसवाल्यालाही गेला असेल. आमच्या वेळी संवत्सरीला क्षमा मागायला घरी जायचं, समोर बसायचं, काय चुकलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. आयुषीचे दादाजी काल बन्सीलालजींकडे जाऊन आले. म्हणाले, तुमचा मुलगा नापास झाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. या वयात हे बोलायला सोपं नाही. आणि मला तुझ्याकडे यायचं होतं, कोकिळा.

कोकिळा : माझ्याकडे कशाला, दादी?

हीराबाई : तू पहिल्यांदा आली, चहा घेतला. तू गेल्यावर तो कप मी वेगळा ठेवला. तुमच्या घरी मटण-मच्छी होतं म्हणून. नंतर दर वेळी तोच दिला, निळ्या काठाचा. तुला कळलं की नाही, देव जाणे.

कोकिळा : कळलं होतं.

हीराबाई : कळलं होतं, आणि तरी पीत राहिली. मग माझं पाप दुप्पट. आज तो कप आमच्या कपांत मिसळला. मुगाचं पाणी मी त्याच कपातून घेतलं. खमत खामणा, बेटा. माफ करायचं की नाही ते तुझ्याकडे, मागायचं काम माझं.

कोकिळा : दादी, हात नका जोडू.

हीराबाई : जोडू दे. इतके दिवस जोडले नाहीत त्याचीच लाज आहे. शिरा आणते.

(हीराबाई आत जातात. आयुषी कोकिळाचे कागद जुळवत बसते. ते आधीच जुळलेले आहेत.)

आयुषी : कोकिळा, तुला जिभेमुळे नाही काढलं.

कोकिळा : राहू दे. समजूत घालू नकोस.

आयुषी : समजूत नाही. मी सरांना जाऊन सांगितलं, तिच्या भावाला चालत नाही. धुळ्याला मुक्काम, बरोबर मुलं. वर म्हटलं, तिला विचारू नका सर, घरचं झाकायला बिचारी काहीतरी खोटं सांगेल. सर साधे माणूस, विचारलंच नाही.

कोकिळा : माझ्या भावाला? प्रेमराज अर्धी गल्ली गाडीत घालून धुळ्याला येणार होता.

आयुषी : माहीत होतं मला.

कोकिळा : माहीत होतं.

आयुषी : तू तालमीत बोलायला लागलीस की चहावालासुद्धा थांबायचा. मी विंगेत, हातात संहिता. मला ते काम पाहिजे होतं, दुसरं काही कारण नाही. वाटलं, आठ दिवस वाईट वाटेल आणि विसरशील. तू स्वतःची बोली टाकून देशील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बक्षीस कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवलंय. मला तुझ्याकडे बघायची लाज वाटते. काल मेसेज सगळ्यांना गेला, त्यात तुलाही गेला, आणि क्षणभर वाटलं, झालं, मागून झाली माफी.

कोकिळा : चौथा अंक.

आयुषी : हो.

कोकिळा : मी आरशासमोर उभी राहून 'आहे, आहे' घोकायचे. माय म्हणाली, घरमा तरी आपलं बोल. तर मी म्हटलं, तुला काय कळतं. माझ्या मायला म्हटलं मी हे, आयुषी.

आयुषी : माझ्यामुळे.

कोकिळा : तोंड तर माझंच होतं ना.

आयुषी : दादीसारखे हात जोडायचीही हिंमत होत नाही.

कोकिळा : नको जोडूस. आज माझ्याच्यानं माफ होणार नाही. दादींनी कप परत मिसळला. तू काय मिसळणार?

आयुषी : उद्या सांगेन. सरांना, वर्गासमोर.

कोकिळा : सांग, पण माझं वाचून झाल्यावर. आधी सांगितलंस तर सगळे तुझंच ऐकत बसतील.

आयुषी : म्हणजे तू वाचणार?

कोकिळा : दे ते कागद इकडे.

आयुषी : दादी शिरा आणतेय.

कोकिळा : खाऊन जाईन. त्यांचं पारणं आहे. थांब, घरून फोन आलाय.

आयुषी : मी आत जाऊ का?

कोकिळा : बस इथंच. हां, बोल व माय. नही, नही, बँकनी बाई नही. मीच शे, तुन्ही कोकिळा.