आजीबाईचा ताप आणि महादेवाचे निर्माल्य

सभेचे अध्यक्ष, आपले सरपंच भाऊसाहेब; व्यासपीठावरील मुख्याध्यापक गहिनीनाथ गुरुजी; ज्यांना निरोप देण्यास आपण जमलो त्या विजयमालाबाई; मायभगिनींनो, ग्रामस्थ बंधूंनो, आणि सतरंजीवर चुळबुळणाऱ्या बाळगोपाळांनो,

महादेवाच्या देवळात चाळीस वर्षे पुराण सांगणाऱ्यास दहा मिनिटे देणे हे अध्यक्षांचे धाडसच म्हणायचे. भाऊसाहेब, घड्याळाकडे पाहू नका, आवरतो मी.

बाई तीन वर्षांपूर्वी आल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी शाळेमागे कंबरभर खड्डा खणविला. गावाला तो उकिरडा दिसला. मुलांना बाईंनी सांगितले, ही आपली आजीबाई. हिला दात नाहीत, तेव्हा पाला, शेण, भाजीची देठे असे मऊच भरवायचे. काच किंवा पत्रा टाकणाऱ्याने सर्वांसमोर तिची समजूत काढायची. प्रत्येक घासावर मातीचे पांघरूण घालायचे. आणि आजी आडवी झालेली, म्हणून तिला ओलांडायचे नाही. दर शनिवारी आत काठी खुपसून पाहायची, ती गरम निघाली की पोरे टाळ्या पिटीत, "ताप आला! आजी बरी हाय!" ताप आला म्हणून आनंदणारे हे कोणते शास्त्र, असे मी ओट्यावर बसून म्हणत असे. पुढे उमगले, कचरा कुजू लागला की आतून तापतो. गार पडला, तर खत होत नाही.

गेल्या वर्षी पाऊस रुसला. झाडांना पाला उरला नाही. जनावरे छावणीत गेली, शेणही तिकडेच. आजी गार पडली. तेव्हा तिसरीतली चांगुणा, आपल्या छबूबाईंची नात, देवळात आली. "शास्त्रीबाबा, दोन शनवार झालं, आजीला ताप न्हाई. तुमच्याकडचा बेल द्या की."

देवळात निर्माल्याची सात पोती साचली होती. पावसासाठी अभिषेक वाढले, तसा बेल वाढला, हार वाढले. ते वाहत्या पाण्यात सोडण्याची रीत, आणि नदी कोरडी. मी कडाडलो, "महादेवाच्या अंगावरचे उकिरड्यात? घरी जा!"

ती दाराशी थांबली. "पोत्याला वास मारतोय, बाबा. आमची आजी न्हाई वास मारत."

मुलीवर चालेना तो राग मी बाईंवर काढला. त्याच दुपारी तालुक्याच्या कचेरीस अर्ज लिहिला: ही शिक्षिका मुलांकरवी धर्माची विटंबना करविते, हिला येथून हलवावे. अक्षर माझे, सही माझी. हे आज प्रथमच सांगतो आहे.

अर्ज टपालात टाकून शाळेवरून परतत होतो. मुलांचा चेंडू खड्ड्यापलीकडे गेला. एका उडीची वाट. पण मुले पुरता वळसा घालून गेली. त्यांना धाक घालणारे कोणीही तेथे नव्हते. शिवाचे निर्माल्य कोणी ओलांडू नये, पायदळी तुडवू नये, एवढ्यासाठीच ना आपण ते पाण्यात सोडतो? कोरड्या नदीत त्यावरून शेळ्या गेल्या असत्या. येथे पाय पडत नव्हता. इतकी वर्षे मी जे सांगत आलो, ते ही मुले पाळीत होती.

दुसऱ्या दिवशी पहिले पोते मीच नेले. रिते करू लागलो, तोच चांगुणा ओरडली, "थांबा! आधी हाराचा दोरा काढा. आजीला दात न्हाईत, ठावं न्हाई व्हय?" बहात्तराव्या वर्षी मी तिसरीच्या मुलांत मांडी घालून दोरे सोडवीत बसलो. बाई म्हणाल्या, "शास्त्रीबाबा, हजेरीत तुमचं नाव घालू का?" एवढेच. टोचून एक शब्द नाही. मुलांनी हात धुतलेले पाणी ओतले, आणि आठव्या दिवशी काठी गरम निघाली. टाळ्या पिटणाऱ्यांत माझेही हात होते. त्याच खतावर आज देवळामागची बेलाची रोपे उभी आहेत.

पण टपालात पडलेला कागद परत येत नाही. पहिला मागे घ्यावा म्हणून मी तालुक्याला जाऊन दुसरा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "शास्त्रीबुवा, पहिला कागद पुढे जिल्ह्याला, नगरला गेला." गेल्या महिन्यात बाईंच्या अकोले तालुक्यातल्या बदलीचा हुकूम आला. नेहमीची बदली, असे गुरुजी म्हणतात. असेलही. मला मात्र तो हुकूम माझ्याच अक्षरात दिसतो.

गहिनीनाथ गुरुजी, खड्डा बुजवा म्हणून मी मागे लागलो, तेव्हा "पाहू, पाहू" म्हणत आपण वेळ काढलात. आपला ऋणी आहे. छबूबाई, अशी तोंडाळ नात गावाला दिलीत, तुमचेही उपकार. आणि बाई, साडीचोळी व श्रीफळ यांत तुमचे देणे फिटत नाही. टाकून दिलेल्यातही देवाचे काम चालू असते, हे तुम्ही आमच्या लेकरांना खेळता खेळता दाखविलेत, आणि त्यांच्या मागे बसून मलाही ते पाहता आले.

बोलण्यात उणेअधिक गेले असेल, ते सभेने पोटात घालावे. लिहिण्यात जे गेले, त्याची क्षमा मात्र, बाई, तुम्हां एकट्यांकडे मागतो. ती आत्ता, सर्वांदेखत, भिडेखातर देऊ नका. तिकडे स्थिरस्थावर झाल्यावर मनापासून देववली, तर एक कार्ड टाका. नाही देववली, तरी या म्हाताऱ्याचा नमस्कार तेवढा घेऊन जा.