नऊ नंबरचं पाणी

नोला : ...आणि मग त्याने अख्खं डोकं खिडकीतून आत घातलं.

क्लेम : कोणाच्या खिडकीतून?

नोला : जजबाईंच्या गाडीच्या, त्या गाडीत बसूनच घोड्यांच्या चाली तपासतात. मी शेजारच्या सीटवर, मांडीवर गुणपत्रिका, हातात पेन्सिल. त्या बोलणार, मी लिहिणार, सकाळपासून तेच चाललं होतं. आमची मार्नी शेवटचा सलाम करायला बरोबर आमच्या समोर येऊन थांबली. एक हात खाली सोडला, मान झुकवली, अगदी पुस्तकात लिहितात तशी. तिची मान खाली गेली आणि तिच्या घोड्याने, बिशपने, डाव साधला. चार पावलं पुढे, डोकं आत.

क्लेम : चावला?

नोला : चावला ना, सँडविचला. बिचारीने दुपारसाठी अंड्याचं सँडविच समोर ठेवलं होतं. कागदासकट गेलं.

क्लेम : कागदासकट.

नोला : वर माझ्या पेन्सिलीचा वास घेऊन ठेवला, पुढच्या वेळेसाठी.

क्लेम : आणि तुझी बहीण?

नोला : खोगिरावर तशीच, मान झुकवून. वर बघायची हिंमत होईना तिची. सलाम पुरा झाला होता म्हणून वाचली, दोन क्षण आधी हे झालं असतं तर तिथेच बाद. जजबाई म्हणाल्या, लिही, थांबणं स्थिर, सात. मग म्हणाल्या, आज्ञाधारकपणा. आणि सँडविचच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. शेवटी म्हणाल्या, चार लिही, मीठ जास्त झालं होतं त्या सँडविचला.

क्लेम : नाव बिशप आणि धंदा भुरट्या चोराचा. लहान उड्यांच्या फेरीत काय केलं त्याने? मी तेव्हा इथे नऊ नंबरच्या अडथळ्यावर पाण्याची खोली मोजत होतो.

नोला : एक दांडी पाडली नाही. कापूस उडावा तसा उडाला. फक्त बाहेर पडताना सेक्रेटरीची टोपी उचलली. परत दिली पण. थोडी ओली होती.

रेडिओ : कंट्रोलकडून नऊ नंबर. नऊ नंबर, माझा आवाज येतोय का?

क्लेम : येतोय, डेस. तुझी कॅरव्हॅन त्या समोरच्या टेकडीवर आहे, रेडिओ बंद केला तरी येईल.

रेडिओ : रेडिओवर गप्पा नकोत. तेहतीस नंबरचा घोडा आठवरून निघालाय.

क्लेम : दिसला. ओंडक्यावरून आत, पाण्यातून पार, झुडपावरून बाहेर. निर्दोष. लिहून घे.

नोला : किती सरळ घोडा आहे तो. आला, गेला, लक्षातही राहायचा नाही. हा लॅमिंग्टन केक घे, खोबऱ्यातच लोळवलाय, माश्या बसायच्या आत खा. क्लेम, अरे, कुठे लक्ष आहे तुझं?

क्लेम : काम करतोय.

नोला : गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात मेंढ्या काढतोयस.

क्लेम : मार्नी आज बाद झाली तर तिसरी वेळ.

नोला : माहीत आहे मला.

क्लेम : पहिल्यांदा बिशप दोर तोडून आइस्क्रीमच्या गाडीकडे गेला, तिला पाठीवर घेऊन. तिथवर मीही हसलो. दुसऱ्यांदा त्याने तिला फेकली. खांद्याचं हाड. सात आठवडे मी तिच्या शर्टाची बटणं लावत होतो. तेव्हा तीच म्हणाली, मी नाही, तीच, की क्लेम, तिसऱ्यांदा बाद झाले तर बिशपला विकून टाकते. टॅमवर्थचा तो बग्गीवाला सोमवारी फोन करणार आहे. लग्नाच्या बग्गीला हवाय त्याला.

नोला : लग्नात हा? नवरीच्या डोक्यावरची फुलं राहतील का जागेवर?

क्लेम : तो त्यांचा प्रश्न.

नोला : म्हणजे तू देवाला साकडं घालून बसलायस.

क्लेम : मी पंच आहे. पंचाने साकडं घालायचं नसतं.

नोला : पंच म्हणे. नवरा पंच आणि शेजारी मेव्हणी. दुसरीकडे कुठे चालवून घेतलं असतं का?

क्लेम : मी विचारलं डेसला. म्हणाला, या खोऱ्यात कोणाशीच नातं नसलेले दोघेच आहेत, एक गुरांचा डॉक्टर आणि दुसरा त्याचा कुत्रा. डॉक्टर कामात आहे आणि कुत्र्याला आकडे येत नाहीत.

नोला : ते ठीक. पण चोवीस अडथळे होते, तू नेमकं पाणीच का मागून घेतलंस?

क्लेम : पडायचंच झालं तर ती पाण्यात पडेल. तो कुठेही उडी मारेल, पण पाणी दिसलं की त्याच्या डोक्यात वारं शिरतं.

नोला : म्हणून गुरुवारी तुझा ट्रॅक्टर इथे दिसला.

क्लेम : तळाला दगड होते. काढले. कोणाचा तरी घोडा लंगडा झाला असता.

नोला : कोणाचा तरी.

क्लेम : हो, कोणाचाही.

नोला : मी एक बोलू? आईला सहा वर्षं तिने एकटीने उचललं, बसवलं, भरवलं. मी सिडनीहून वर्षातून दोनदा केक घेऊन यायची आणि मोठी बहीण म्हणून मिरवायची. आई गेल्यावर मार्नी कशी झाली होती, तू पाहिलंयस. दुपारी दोन वाजता गाऊनवर खिडकीत बसलेली. हा चोर घरी आला आणि ती पुन्हा सकाळी उठायला लागली, कारण उठली नाही तर तो स्वयंपाकघराच्या दाराची कडी काढून आत यायचा.

क्लेम : म्हणून तर आजवर एक शब्द काढला नाही. पण त्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मला जी भीती वाटली ना, नोला, ती मला परत नको आहे. डॉक्टर बाहेर येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. साठी उलटली तिची. मला ती धडधाकट हवी आहे. बाकी मग खिडकीत बसो नाहीतर कुठे.

नोला : खिडकीत बसलेलीही तुला नको होती.

क्लेम : नको होती. म्हणून तर हा गुंता आहे.

रेडिओ : सर्व पंचांना. चव्वेचाळीस नंबर सुटण्याच्या चौकटीत. पाच, चार, तीन... घोडा चौकटीत उलटा उभा आहे. दोन, एक. सुटला. उलटाच सुटला. आता सरळ झाला.

नोला : आमचीच ती.

रेडिओ : चव्वेचाळीस, एक ते पाच निर्दोष. सहावर नकार, एक. कारण, गाई.

क्लेम : गाई?

रेडिओ : कुंपणापलीकडे गाई आहेत. तो त्यांच्याकडे बघत उभा आहे. बघून झालं. दुसऱ्या खेपेला पार. सात पार. आठ पार. नऊ नंबर, तुमच्याकडे येतेय.

नोला : मी डोळे मिटले. काय होतंय ते तू सांग.

क्लेम : डोळे उघड, तूही पंच आहेस.

नोला : नाही उघडत. सांग तू.

क्लेम : येतोय. कान पुढे. ओंडक्यावरून उडाला, सुरेख. पाण्यात उतरला. धावतोय. आता चालतोय. आता... थांबला.

नोला : का थांबला?

क्लेम : पुढच्या पायाने पाणी आपटतोय.

नोला : म्हणजे लोळणार.

मार्नी : नाही हं, बिशप. नाही. इथे नाही. पुढे चल.

नोला : अगं टाच मार त्या—

क्लेम : गप्प बस, नोला. बाहेरून एका शब्दाची मदत गेली तरी ती बाद.

मार्नी : बिशप, मी सांगतेय तुला. सगळे बघतायत. घरी गेल्यावर हवा तेवढा लोळ. आत्ता नको रे, राजा, आत्ता नको.

नोला : हे कसलं पाणी उडालं? क्लेम? माझ्या पायावर आलं.

क्लेम : गुडघे टेकले त्याने. हळू बोल.

नोला : आणि ती?

क्लेम : बसून आहे. मांडीपर्यंत पाण्यात. तो डावीकडे कलतोय.

मार्नी : ऊठ, लबाडा. मी उतरणार नाही, कळलं? तू झोप इथे, मला काय. संध्याकाळपर्यंत बसून राहीन, पण उतरणार नाही. ऊठ. आयाळ सोड म्हणतोस? नाही सोडत.

नोला : कोण हसतंय?

क्लेम : तीच.

मार्नी : शाब्बास. बघ, जमतं की नाही. दुसरा पाय. आता चल, गधड्या. चल, चल, चल.

क्लेम : उठला. काठाकडे निघाला. झुडपावरून गेला. गेली, दहाकडे गेली.

नोला : उघडू का डोळे?

क्लेम : आता काय उघडतेस.

रेडिओ : कंट्रोलकडून नऊ नंबर. मला इथून फांदी आड येतेय, पण चव्वेचाळीसचा घोडा पाण्यात खाली गेलेला दिसला. पडला का?

नोला : क्लेम, तुला विचारतोय तो.

रेडिओ : नऊ नंबर, नियम वाचून दाखवतो. खांदा आणि मागचा पुठ्ठा, म्हणजे कुल्ल्याचा भाग, दोन्ही जमिनीला टेकले तर घोडा पडला. पाण्याखालची जमीनही जमीनच. पडला तर बाद. पडला की नाही, एवढंच सांगा, म्हणजे तिला अकरावर थांबवता येईल.

नोला : मी काही पाहिलं नाही. तू सांगशील तेच माझंही.

रेडिओ : नऊ नंबर. ती दहा ओलांडतेय.

नोला : क्लेम.

क्लेम : ऐकतोय मी. डेस, लिही. दोन्ही गुडघे टेकले. डावा खांदा टेकला. पुठ्ठा सगळा वेळ वर होता. घोडा पडलेला नाही.

रेडिओ : नक्की?

क्लेम : चाळीस वर्षं मेंढ्या आडव्या पाडून लोकर काढली मी. आडवं झालेलं जनावर मला कळतं. उठला तेव्हा त्याची शेपूट बुडापाशी कोरडी होती. पडलेला नाही.

रेडिओ : चव्वेचाळीस, नऊवर निर्दोष. थांबण्यात गेलेला वेळ घड्याळ बघून घेईल. धन्यवाद, नऊ नंबर.

नोला : हे घे, चहा घे.

क्लेम : ठेव तिथे.

नोला : पडला म्हणाला असतास तर कोणी विचारायला आलं नसतं. मी तर डोळे मिटलेली बाई.

क्लेम : तोंडात आला होता शब्द. खोटं कशाला बोलू. एक शब्द, आणि सोमवारी बग्गीवाला, मंगळवारपासून शांत झोप.

नोला : मग?

क्लेम : मग काय. पुठ्ठा वर होता.

नोला : एवढंच?

क्लेम : आणि ती हसत होती, नोला. नाकातोंडात पाणी, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं, खाली तो हलकट घोडा झोपायच्या बेतात, आणि ती हसत होती. लग्नाआधी नदीवर जायचो तेव्हा हसायची तशी. मी विसरून गेलो होतो ते हसणं. आपण विसरलोय हेही विसरलो होतो.

नोला : रुमाल हवा का?

क्लेम : माशी गेली डोळ्यात.

नोला : हो, आज फार आहेत माश्या.

रेडिओ : सर्व पंचांना. चव्वेचाळीस नंबर शेवटची रेषा पार. वेळेचे दंडगुण बावन्न. फेरी पूर्ण. आणि एक सूचना. रेषेवरचा लाल झेंडा सध्या चव्वेचाळीसच्या घोड्याच्या तोंडात आहे. ज्याला जमेल त्याने आणून द्यावा.

नोला : मी जाते. माझं ऐकतो तो.

क्लेम : कोणाचंही ऐकत नाही तो.

नोला : घोडे यायचेत अजून, तू बस.

(तासाभराने, शेवटचा घोडा गेल्यावर. मार्नी ओल्या कपड्यांत बिशपचा लगाम धरून पाण्याकाठी आली आहे. नोला नाही.)

मार्नी : अठरा जणांत सतरावी.

क्लेम : अठरावा कोण?

मार्नी : पोस्टमास्तरांची सून. दोनवर पडली. लागलं नाही तिला, घोड्याला शिव्या घालत चालत परत आली.

क्लेम : म्हणजे पुऱ्या फेऱ्या केलेल्यांत शेवटची तू.

मार्नी : हो. पण पुरी केली. असा काय बघतोयस?

क्लेम : खांदा कसा आहे?

मार्नी : खांदा आहे. सगळी आहे मी, मोजून बघ. नोला म्हणाली, तू डेसला लगेच उत्तर दिलं नाहीस.

क्लेम : नोलाचे डोळे मिटलेले होते.

मार्नी : कान उघडे होते. क्लेम, एक विचारू? रागावू नकोस. तो खाली गेला तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं. हेल्मेट डोळ्यांवर, पाणी तोंडात. टेकला की नाही, मला खरंच माहीत नाही. माझ्यासाठी म्हणून तू...

क्लेम : नाही.

मार्नी : बघ हं. तसं असेल तर मी आत्ता जाऊन डेसला सांगते. वचन म्हणजे वचन. आणि सोमवारी बग्गीवाल्याला हो म्हणते.

क्लेम : पुठ्ठा नव्हता टेकला.

मार्नी : शपथ?

क्लेम : मार्नी, टेकला असता ना, तर मी उड्या मारत सांगितलं असतं.

मार्नी : ऐकलंस ना, बिशप? नव्हतास पडला तू.

क्लेम : रडतेस कशाला आता?

मार्नी : रडत नाहीये. तुला इतकं नकोसं होतं, आणि तरी. तुला फार भीती वाटते ना, मी याच्यावर बसले की?

क्लेम : वाटते. पुढच्या वेळीही वाटेल.

मार्नी : पुढच्या वेळी म्हणालास तू.

क्लेम : म्हणालो. आता उभी राहू नकोस, त्याला पुसून काढ आधी. वारा सुटलाय, गारठेल तो.