मी मागतो

वस्तीतलं नवं वाचनालय उघडलं त्या सकाळी शिवणकाम करणाऱ्या काकू पुस्तकासाठी रांगेत उभ्या होत्या. पुढे एक म्हातारं जोडपं होतं आणि त्यांच्यापुढे काउंटरवर पुस्तकं देणारी मुलगी. दुखण्यात आजोबांची वाचा गेली होती आणि आता कुठे थोडी थोडी परत येत होती, एवढं काकूंना मुद्दाम कान न देताही कळलं.

"अहो, पुस्तक मी मागते. तुम्ही नुसते उभे राहा."

"नाही. मी... मी मा..."

"मागणार?"

"माझे शब्द... पळवू नको."

"बरं बाबा, नाही पळवत! पण मागे लोक खोळंबलेत हो."

"खोळंबू... दे."

"निदान कोणतं हवंय ते मला सांगून ठेवा."

"तिलाच... सांगीन."

रांग सरकली. काकूंना घरी शिवणाची घाई होती, पण त्याही श्वास रोखून उभ्या राहिल्या.

"बोला आजोबा, काय देऊ?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"मला... मध... मधमा..."

आजींनी स्वतःच्या तोंडावर हात गच्च दाबून धरला.

"मला मधमाश्यांवरचं पुस्तक हवंय!"

हे इतक्या दणक्यात आलं की वाचत बसलेल्यांनी माना वर केल्या.

"देते हं. पण आजोबा, जरा हळू बोला. इथे मोठ्याने बोलायचं नाही."

"अगं बाई! ऐकलंत का हो सगळ्यांनी? यांना, यांना हळू बोला म्हणाली ती!"

"तू... गप्प बस. मी बोलतोय."