रोपवाटिकेवरची हरकत आणि फुटलेली काच

जबाब देणार: जमीनसल्ला कार्यालयातील माजी नोकर, वय एकवीस, शिक्षण कॉलेजचे दुसरे वर्ष अर्धवट, धंदा कालपर्यंत नोकरी, आजपासून काही नाही, राहणार आईवडिलांकडे, कालव्याच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीसमोर.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, हवालदारसाहेबांच्या उजव्या हाताला पट्टी असल्याने ते विचारत आहेत आणि जबाब मी माझ्याच हाताने लिहीत आहे.

मी ज्या कार्यालयात होतो तिथे जमिनीत पैसे गुंतवणाऱ्यांसाठी एकच काम चालते. कुठली शेतजमीन उद्या निवासी होणार, कुठल्या गल्लीत दुकानांना परवानगी मिळणार, कुठून रस्ता जाणार, हे इतरांच्या आधी हेरायचे. त्यासाठी मी रोज सकाळी नगररचना कार्यालयातला सूचनाफलक वाचायचो. हा फलक जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे आहे. तो कोणीही वाचू शकतो. कोणी वाचत नाही. म्हणून आमच्या मालकांचे घर चालते, आणि चांगलेच चालते. ते मला फलकच म्हणायचे. "आला आमचा फलक. बोल, आज कोणाचं नशीब उघडलं?"

कालव्यापलीकडच्या रोपवाटिकेत मी प्रथम जागेची पाहणी करायला म्हणून गेलो. नंतर रोपे घ्यायला. रोपवाटिकावाल्या काकांची मुलगी गिऱ्हाईक बघते. तिचे नाव या जबाबात घालणार नाही, असे मी हवालदारसाहेबांना आधीच सांगितले आहे. आमच्या गॅलरीत कुंड्यांची इतकी गर्दी झाली की आई म्हणाली, "आता कपडे काय तुझ्या डोक्यावर वाळत घालू?" याबाबत याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

गेल्या महिन्यात फलकावर सूचना लागली. कालव्यापलीकडचा हरित पट्टा निवासी होणार, कोणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्यावी. हरकत आली की सुनावणी लागते, सुनावणी लागली की वर्ष जाते, आणि गुंतवणूकदार पळतात. मालकांनी दुसऱ्याच दिवशी काकांकडे माणूस पाठवला, जमीन शेतीच्या भावाने मागायला. फलकावर वाचलेले बाहेर बोलायचे नाही, असा कार्यालयाचा नियम आहे. मी तिला सांगितले. म्हटले, "बाबांना सही करू देऊ नकोस." ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

एवढ्यावर मी काकांच्या नावाने हरकत लिहून काढली. झाडे, विहीर, पाखरे, नियम, कलमे, सगळे घातले. कॉलेजात एवढे मन लावून लिहिले असते तर पास झालो असतो. काकांनी ती दोनदा वाचली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "घरच्यासारखा धावलास रे पोरा." ते मी शब्दशः धरले.

काकांनी हरकत नगररचनेत दिलीच नाही. मालकांच्या टेबलावर ठेवली आणि विचारले, भाव वाढवता की ही देऊन येऊ? भाव वाढला. अक्षर कोणाचे, हे मालकांनी ओळखले.

काल दुपारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावले. काका तिथेच चहा पीत बसले होते. मालक म्हणाले, "काय फलक, तुझ्यापायी जमीन महाग पडली मला. जावई व्हायचं होतं तर तसं सांगायचंस, मी शब्द टाकला असता." काका कपात बघत म्हणाले, "मुलगा गुणी आहे हो. शिक्षण तेवढं पुरं करायला हवं होतं." मी टेबलावरचा पेपरवेट फेकला. केबिनची काच फुटली. कोणाला लागले नाही. नेम काचेवरच होता का, याचे उत्तर मी देत नाही. काचेचा आरोप मान्य आहे. गुप्त माहिती चोरल्याचा मान्य नाही. ती माहिती आजही जिन्याखाली लटकते आहे, हवालदारसाहेबांनी जाऊन वाचावी.

आज हरकती देण्याचा शेवटचा दिवस. सकाळी मी तीच हरकत पुन्हा लिहून माझ्या नावाने दिली आणि पोच घेतली. का, असे विचारल्यावर सांगतो की, कोणाचे भले व्हावे म्हणून नाही. मालकांच्या तक्रारीवरून नगररचना कार्यालयाच्या दारातच मला ताब्यात घेण्यात आले.

दुपारी ती ठाण्यात आली. बोलणे हवालदारसाहेबांसमोर झाले.

"हरकत मागे घे."

मी म्हटले, "झाडं जातील सगळी."

"जाऊ देत. पहाटे उठून नळी ओढायला तू येतोस का? मला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, बाहेरगावी. या पैशावर जाणार आहे मी. आम्हाला जागा वाचवायचीय, असं तुला सांगितलं कुणी?"

"तू म्हणालीस, बरं झालं सांगितलंस."

"बरंच झालं. भाव मिळाला ना."

मग ती जरा हळू बोलली. "तुला झाडांतलं काही कळत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझ्यासारखे आणखी दोघंतिघं येतात. बाबा म्हणतात, येऊ देत, रोपं खपतात."

यावर हवालदारसाहेब खोकले.

मी ठाण्यातला कोरा कागद मागून घेतला, हरकत मागे घेत असल्याचा अर्ज लिहिला आणि तिला दिला. नगररचना कार्यालय बंद व्हायच्या आत पोचवायचा म्हणून ती रिक्षा करून लगेच गेली. जाताना काही बोलली का, असे विचारल्यावर सांगतो की, सही नीट कर, एवढेच म्हणाली. मालक तक्रार मागे घेणार आहेत का, हे मी तिला विचारले नाही.

वर लिहिलेले सगळे हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचायला लावले. मी वाचले. घडले तसेच उतरले आहे. 'कृत्याचे कारण' या रकान्यात त्यांच्या सांगण्यावरून मी आधी 'प्रेमप्रकरण' लिहिले होते. प्रकरणाला दोन माणसे लागतात, म्हणून तो शब्द खोडून तिथे 'राग' लिहिला आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.