नळ बंद, चाक चालू

...अहो, पाणी वापरलं आणि मीटर फिरलं तर माझी तक्रारच नाही हो, पण घरातले सगळे नळ बंद आणि तरी ते फिरतंय, याला काय म्हणायचं? तुम्हाला सांगतो, या मीटरला आमच्या इमारतीत सगळ्यात जास्त विरोध केला तो मी! सह्या गोळा केल्या, 'आम्ही काय पाणी चोरतो?' म्हणून सभेत टेबल बडवलं... पण धरण आटलेलं, घरोघरी मीटर सक्तीचं! आला मीटरवाला, बसवली डबी, आणि मला म्हणतो कसा, "काका, नळ बंद, चाक चालू. कुठंतरी गळतंय. आठवड्यात शोधा, नाहीतर जोडणी तोडतील."

गळतंय? माझ्या घरात? मी हिच्यावर ओरडलो, ही माझ्यावर, चाक आपलं फिरतंय!

शेवटी प्लंबर आणला. तो आत कॉक बंद करतोय, मी बाहेर मीटरपुढे उकिडवा. स्वयंपाकघराचा बंद. "काका, थांबलं?" "नाही रे!" गीझरचा बंद. "थांबलं?" "छे!" नळ बंद, चाक चालू! मग त्यानं न्हाणीघराची भिंत ठोकायला घेतली, ठक् ठक् ठक्, आतला गंजका कॉक कसाबसा पिळला... आणि चाक थांबलं! "थांबलं रे!" म्हणून मी ओरडतोय तोच खालून आवाज आला... धप्प!

आमच्या खालीच राहतात मावशी. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. तीन वर्षं सांगतायत, "भाऊ, माझ्या पलंगावरचं छत ओलं दिसतंय हो," आणि मी? "मावशी, हवेतली ओल ती!" एकदा तर रंग लावून घ्या म्हणून सल्ला दिला!

जिना कसा उतरलो, विचारू नका. बेल दाबतोय, दार बडवतोय, "मावशी! अहो मावशी!"... आत चिडीचूप. आणि मग कडी वाजली. दारात मावशी, केसांत चुना, आणि मागे पलंगावर, बरोब्बर उशीवर, परातीएवढा गिलावा!

"काय ठोकाठोकी चालवलीय वर? जरा पडले होते. तुम्हाला ओरडायला म्हणून उठले, तर मागे हे कोसळलं!"

मी उंबऱ्यावरच बसलो. मीटरच्या हिशोबानं भिंतीतून दिवसाला सहा बादल्या गळत होत्या, तीन वर्षं! आणि मावशींनी पेलाभर पाणी कुणाला आणून दिलं? मला!

पाइप बदलला, त्यांचं छत करून दिलं. आता नळ बंद, चाक बंद. मावशी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मी तीन वर्षं सांगितलं ते पटलं नाही. त्या डबीचं मात्र लगेच पटलं."

मान खाली घालून उभा होतो, तर शेजारून ही म्हणते कशी, "मावशी, तुमची तीनच वर्षं हो! माझी चौतीस झाली. मीही आता एक मीटरच बसवून घेते!"

म्हटलं, बसव बाई... नाहीतरी सक्तीचंच आहे!