उतार स्थिर असल्याचा ठराव

चर्रर्र — असा, अक्का. मांजरपाट कात्री न लावता दोन्ही हातांनी फाडलं की होतो ना, तसा. पण टेकडीएवढा. मला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा. बापाबरोबर मडिकेरीकडे एका कॉफीवाल्याच्या घरी लग्नाचे कपडे शिवायला गेलो होतो. दिवसाढवळ्या, जेवायची पानं मांडलेली, आणि समोरची टेकडी फाटली. आधी मुळं तुटतात, त्यांचा तो आवाज. मग झाडं उभीच्या उभी खाली आली, कुणी बोलावल्यासारखी — पण ते तिकडचं झालं. आपल्या बेंगळुरात उतार म्हणजे केवढा, सायकलवरून उतरून ढकलत न्यावी लागेल एवढा. दरड पडताना बघितलीय का म्हणून तुम्ही विचारलंत, म्हणून बोललो. ते गाठोडं खाली ठेवा. खंडोजी थांबेल, भाचाच आहे तुमचा. आनेकलहून गाडी जुंपून एवढ्या लांब आलाय, तर बैलांना स्वल्प वैरण खाऊ दे.

मला आपल्या मराठी मंडळाने पाठवलंय, लपवत नाही. गुंडूराव म्हणाले, "कृष्णाजी, तुम्ही शकुंतलाबाईंच्या परसाखालीच मशीन मांडून बसता, त्या तुमचं ऐकतील. घर सोडायचं कारण नाही म्हणून सांगा." आता अध्यक्षच म्हणाले. दिवाळीच्या नाटकाला फॅक्टरीतले मोठे साहेब येणार, आणि स्टेजच्या बरोबर डोक्यावर कुलूप लावलेलं घर, त्याच्या भिंतीला भेग — बरं दिसत नाही. लोक विचारणार, बाई का गेल्या? मग काय सांगायचं? म्हणून परवा सभा घेतली, ठरावच केला. 'मंडळाच्या मागील उतार स्थिर आहे.' एकमताने मंजूर. टाळ्या झाल्या. तेव्हाही पाऊस पडतच होता, पण पाऊस काही मंडळाचा सभासद नाही.

आणि हे अडाण्यांचं काम नव्हे बरं. त्याआधी व्याख्यान ठेवलं होतं, तुम्ही आला नव्हता. तो रत्नाकर, पुण्याहून नवीन आलाय फॅक्टरीत — मुलगा गुणी आहे, अक्का, जीव तोडून सांगत होता. म्हणाला, दरडी एका जातीच्या नसतात. एक सुटा दगड खाली येतो ती. एक अख्खा थर खालच्या थरावरून सरकतो ती — गादीवरून दुपटं घसरतं तशी. एक चिखलाची, रागीच्या आंबलीसारखी वाहत येते. आणि एक फार हळू, वर्षानुवर्षं चालते, कुणाला कळत नाही. खांब कलतात, दारं चौकटीत घासायला लागतात — नाही, तुमच्या दाराचं तसं काही नसेल. पावसात लाकूड फुगतंच.

मग उतार उभा कशावर राहतो ते सांगितलं. पायथ्याची माती वरच्या मातीला टेकू देते, म्हणून पायथा कापू नका. टाळ्या. माथ्यावर ओझं टाकू नका. टाळ्या. झाडझाडोरा राहू द्या, मुळं माती धरून ठेवतात, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट द्या, पाणी पोटात साठलं की माती जड होते आणि तिची पकड सुटते. त्याला तर फारच टाळ्या. आपल्या जुन्या लोकांना वाटलं, समजलं नाही असं दिसलं तर हे पुण्याचे लोक आपल्याला गावंढळ म्हणतील. मग गुंडूरावांनी त्याला हार घातला — कुठे उभं राहून? स्टेज वाढवायला पायथा कापला ना, तिथेच. आणि निघालेली माती टाकली कुठे? तुमच्या परसात. लांब कोण नेणार.

आणि पाहुण्याला प्यायला वाळ्याचं पाणी. तो वाळा — हो, तुमच्या यजमानांनी उतारावर लावलेला. सगळा उपटला. पाण्यापुरता थोडा घेतला असता तर चाललं असतं, पण मंडळाच्या सुनंदाबाई म्हणाल्या, खिडकीला वाळ्याची ताटी पण करू, साहेबांना गार वाटेल. मीच बांधली ताटी. छान झाली. रत्नाकरने ते पाणी पिऊन विचारलं, "वास किती सुरेख, वाळा कुठला?" गुंडूराव म्हणाले, "घरचा."

तर सांगायचं काय, भिण्यासारखं काही नाही. मंडळाने सगळी काळजी घेतलीय. पेटी आणि तबला हलवले. गणपती कालच गुंडूरावांच्या घरी नेला, वाजतगाजत नाही, नुसता पंच्यात गुंडाळून. अध्यक्षांची खुर्ची नेली. तालमी आता शाळेच्या हॉलमध्ये होतात, नाटकही तिथेच करावं असं चाललंय —

असं बघू नका, अक्का.

हो. खुर्चीसुद्धा नेली, आणि तुम्हाला म्हणतोय राहा. मलाही हे बोलता बोलताच कळतंय. मी सावकाश माणूस. मशीन मात्र माझं तिथेच आहे, ते नाही हलवलं. पडदा शिवायचा आहे ना. पडदा — तो तसा मागच्या पौर्णिमेच्या आधीच झाला. शिवण उसवतो आणि परत घालतो. तिथे बसलं की वर तुमचा पाटा ऐकू येतो, कोंबडीवर ओरडता ते ऐकू येतं, आणि अकराच्या सुमाराला तुम्ही कुंपणावरून कॉफी खाली देता. एवढ्यासाठी. म्हणून मंडळाने म्हटलं, आणि मी लगेच आलो. मंडळाला साहेबांची काळजी, मला माझ्या कॉफीची. तुमची कुणालाच नाही, असं झालं हे.

राहू नका. उठा. दार घासतंय ते लाकडाने नाही, त्या पोराने सांगितलेली शेवटची जात आहे ती, आणि ती नेहमीच हळू चालेल असं तो म्हणाला नाही. मंडळाला मी सांगतो, अक्कांना ठराव वाचून दाखवला, त्यांनी ऐकून घेतला. उखळ राहू दे, जड आहे. कोंबडी मी धरून आणून देतो, सापडली तर. आनेकल काही परदेश नव्हे, बस जाते. मी येईन म्हणत नाही, बस जाते एवढंच सांगतो.

काय? उठलात?

सरी. बरं झालं. ती दुसरी पायरी हलते, भिंतीला धरून उतरा — गाठोडं माझ्याकडे द्या — बरं, नका देऊ. खंडोजी, मातीच्या ढिगावरून गाडी घालू नको. पलीकडून, रस्त्याने ने. हळू. अक्का —